सुट्टीला आलेली माणसं

काल पेटीतली जाड गोधडी काढून गच्चीवर उन्हात टाकली. सटाण्याला थंडी येते ती अशीच, न सांगता. आदल्या दिवशी पंखा चालू असतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं. गोधडी झटकली तर शिवणीत अडकलेले चार-दोन तांबूस केस उडाले. ठकीचे. ठकी गेली त्याला एक उन्हाळा होऊन गेला. गोधडी तेव्हाच धुऊन ठेवली होती, तरी तिचे केस काही या घरातून निघायला तयार नाहीत. मी तिथंच कठड्याला टेकून बसले. ऊन पाठीवर चढत गेलं, आणि तसतसा तो नाशिकचा हिवाळा पुन्हा अंगावर येत गेला.

ठकी आमची कुत्री. गावठीच. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. नानांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, बसस्टँडच्या मागं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या आणि नाना तांब्याची तार नव्यानं गुंडाळून त्या पुन्हा चालत्या करून द्यायचे. एका पावसाळ्यात दुकानाच्या फळीखाली हे पिल्लू येऊन बसलं, ते बसलंच. मी शाळेत शिकवायची, त्यामुळं सगळं गाव मला बाई म्हणायचं, आणि नानाही चेष्टेनं बाईच म्हणायचे. मी मूळची निफाडकडची, ते बागलाणातले. माझ्याशी ते माझ्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचे, ठकीशी मात्र निव्वळ अहिराणीत. "काय व्हयनं व माय तुले?" असं त्यांनी विचारलं की ती पडलेला कानसुद्धा उचलायची. मूलबाळ नव्हतं आम्हाला. तीच होती.

त्या वर्षी दसऱ्यापासून नानांचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. दिवाळी गेली तरी आवाज सुटेना, तेव्हा नाशिकला तपासण्या झाल्या आणि घशात गाठ निघाली. शेक द्यावे लागतील, रेडिएशनचे, डॉक्टर म्हणाले. शनिवार-रविवार सोडून रोज, सहा-सात आठवडे. सटाण्याहून रोजचं जाणं-येणं त्यांच्यानं झेपणार नव्हतं. नाशिकमध्येच राहायचं ठरलं.

आणि नाना अडून बसले. तपासणीसाठी ते दवाखान्यात राहिले होते, तेव्हा ठकीनं शेजाऱ्यांच्या हातून भाकरीचा तुकडाही घेतला नव्हता. "तिला इथं ठेवून मी यायचो नाय," नाना म्हणाले. "औषध माझ्या घशाला हाय. तिला उपास कशापायी?"

जागा शोधताना आम्ही अर्धं नाशिक पालथं घातलं. दवाखान्याजवळच्या खोल्यांचा मालक म्हणाला, "पेशंट चालंल, कुत्रं नाय." दुसरीकडे एक गृहस्थ ठकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "कुत्र्याचं काही नाही हो, आम्हीही पाळलाय. पण आजारी माणूस नको. घरात लहान मुलं आहेत." नानांच्या घशातली गाठ जणू शिंकेसरशी उडून त्यांच्या मुलांना लागणार होती.

शेवटी नानांच्या भाच्यानं, संदीपनं, फोनवर शोधून काढलं. "मामी, हे बघ. जुन्या नाशकात, भांडी बाजारात. सुट्टीला येणाऱ्यांसाठी देतात. लिहिलंय बघ, दोघांसाठी घर, आपल्या लाडक्या प्राण्यासह या."

"अरे, पण आपण कुठं सुट्टीला चाललोय?"

"ते त्यांना कशाला सांगायचं?"

आणि आम्ही सुट्टीला आलो.

भांडी बाजारातली ती गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दुकानांत टांगलेल्या कळश्या एकमेकींशी बोलाव्यात. खाली तांब्या-पितळेचं दुकान. दारातच बंब, घंगाळी, परातींच्या थप्प्या. दुकान अनघा बघायची. पस्तिशीची असेल, वडिलांच्या मागं एकटीनं सांभाळत होती. वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर तिनं हौसेनं सजवलेलं. खिडकीशी वेताच्या दोन खुर्च्या, भिंतीवर गोदाघाटाचं चित्र, पलंगावर स्वच्छ पांढरी चादर. ठकीसाठी कोपऱ्यात लखलखीत तांब्याचं भांडं ठेवलं होतं. टेबलावर विंचूरकडच्या वाइनची छोटी बाटली, तिच्या गळ्यात लाल फीत. नानांनी बाटली हातात घेऊन फिरवून बघितली. मग माझ्याकडं बघितलं. "बाई, ही लोकं आपल्याला कोण समजली?" आम्ही दोघं हसलो. तपासणीचा निकाल आल्यापासून पहिल्यांदा.

"किती दिवस आहात काका?" अनघानं विचारलं. "त्र्यंबकला जाणार असाल तर गाडी सांगून ठेवते."

"दीडएक महिना."

"बाप रे! एवढी मोठी सुट्टी?"

"लग्नापासूनची साठलीय," नाना त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

खरंच साठली होती. शाळेला सुट्टी लागायची तेव्हा विहिरींचं पाणी खोल जायचं, मोटारी जळायच्या, आणि नानांच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. त्यांना सवड मिळायची तेव्हा माझ्या परीक्षा. उटी, म्हैसूर अशी नावं आम्ही घेतली ती फक्त लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. पुढं पुढं तर नावंसुद्धा घेणं सोडलं. एकमेकांच्या शेजारी इतकी वर्षं काढली, पण सलग एक दुपार समोरासमोर बसलो असू की नाही, शंका आहे.

सकाळी रिक्षानं दवाखान्यात जायचो. ठकी तेवढा वेळ अनघाच्या गल्ल्याखाली. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून नानांना यंत्राखाली झोपवत. पहिल्या दिवशी मी बाहेर बाकावर देवाचं नाव घेत होते. ते आले आणि म्हणाले, "मशीन लय भारी हाय. आवाज ऐकला मी. बेअरिंग एकदम ठीक हाय." मी मोठ्यानं हसले. त्या बाकावर बसलेल्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. इथं कुणी हसत नसे.

दुपारी जेवण उरकलं की वेताच्या खुर्च्यांत बसायचो. पलीकडच्या तांबट आळीतून हातोडीचे ठोके यायचे, आपल्याच तालात, दिवसभर. पहिले दोन दिवस माझं डोकं उठलं. मग ते ठोके अंगवळणी पडले, इतके की जेवायला थांबले की चुकल्यासारखं वाटायचं. नाना डोळे मिटून ऐकायचे. "हा म्हातारा हाय," म्हणायचे, "हात सावकाश, पण सगळे घाव सारखे."

संध्याकाळी सराफ बाजाराच्या उतारानं गंगेवर. नाशिकचं माणूस गोदावरीला गंगाच म्हणतं, आम्हीही म्हणायला लागलो. थंडीत घाटाचे दगड संध्याकाळपर्यंत ऊन धरून ठेवतात. त्यांच्यावर बसून नाना टोपी आणि लुगडं बघून ओळखायचे, ही माणसं कुठली. हे विदर्भातले, ही नगरकडची. राखेचं गाठोडं घेऊन आलेली माणसंही असायची, ताजे गोटे केलेली. आधी आम्ही दोघंही तिकडून नजर फिरवायचो. पुढं फिरवेनाशी झाली. ठकी मात्र नेमकी त्यांच्यातच जाऊन उभी राहायची, आणि रडणारं एखादं माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवायचं.

तिसऱ्या आठवड्यात नानांची चव गेली. भात मातीसारखा, दूध चुन्यासारखं लागायला लागलं. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्या बुधवारी घाटावरच्या बाजारात पेठकडून आलेल्या बाया हरभऱ्याच्या ओल्या पेंढ्या घेऊन बसल्या होत्या. नानांनी एक पेंढी घेतली आणि माझ्या ओटीत टाकली.

"मी एकटी कशी खाऊ?"

"खा. मी बघतो." मग घसा धरून हळूच, "चव सांग."

मी दाणा चावला. "गोड आहे. थोडा तुरट."

"बाई, पोरांना असंच शिकवलं का? नीट सांग."

मग मी नीट सांगायला लागले. सालावरचं आंबूस मीठ बोटाला लागतं आणि बोटावरून ओठाला. कोवळा दाणा दातांखाली फुटत नाही, नुसता दबतो. निबर दाण्याला मात्र कच्च्या पिठाचा वास असतो. नाना मान हलवत राहिले, जसे गाणं ऐकताना हलवायचे. तेव्हापासून हे रोजचंच झालं. रोज बाजारातलं काहीतरी मी खायचं आणि त्यांना सांगायचं. मीठ-तिखट लावलेला पेरू, मिसळीचा कट, पिंपळगावकडची हंगामातली पहिली, अजून आंबट असलेली द्राक्षं. इतकी वर्षं या तोंडानं मी मुलांना धडे समजावले, पण घास समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. सुरुवातीला मला खाण्याची लाज वाटायची. त्यांच्यासमोर तोंड हलवणं क्रूर वाटायचं. पण मी नको म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. आताही हिवाळ्यात हरभरा सोलायला घेतला की शब्द आपोआप यायला लागतात. मी ते मनातल्या मनात पूर्ण करते. अर्धं वाक्य सोडायची सवय नाही.

अनघाला कळायचं ते एका दुपारी कळलं. नानांचा मफलर सरकला आणि भाजल्यासारखी काळी पडलेली मान दिसली. ती द्राक्षांचा वाडगा घेऊन दारात उभी होती. मी घाईघाईनं म्हणाले, "आम्ही सांगणारच होतो. तुला चालत नसेल तर दोन दिवसांत दुसरीकडं..."

"काकू," ती म्हणाली, "मी दोघांसाठी असं लिहिलंय. धडधाकट दोघांसाठी असं कुठं लिहिलंय?" आणि खाली गेली. थोड्या वेळानं परत आली ती तूप घातलेली पातळ खिमटी घेऊन. तिचे डोळे लाल होते. तिचे वडील कशानं गेले ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढं तिनंच सांगितलं.

नंतर आवाज पुरताच गेला. डॉक्टरांनी कुजबुजायचीही मनाई केली. नाना स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं वाजवायचे. दोनदा वाजवलं की मी, सलग वाजवलं की ठकी. तिला हे शिकवावं लागलं नाही. आपला माणूस आता असा बोलतो, हे तिनं माझ्याआधी मान्य केलं.

निम्म्याहून जास्त शेक झाले होते. एका सकाळी नाना उठलेच नाहीत. मी स्वेटर पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला. मनाई असूनही ओठांनी म्हणाले, "पुरे. घरी जाऊ." आणि भिंतीकडं वळले. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. समजूत घालायला शब्द होते माझ्याकडं, आयुष्यभर तोच धंदा केला, पण त्या पाठीकडं बघून मी स्वेटर घडी करून ठेवला. त्या पाठीला काय काय सोसावं लागत होतं ते मी रोज बघत होते. शेवटी खाली जाऊन अनघाला म्हणाले, आज रिक्षा नको.

दुपारी दुकानात माल उतरत होता. कुणाचा तरी धक्का लागला आणि परातींची अख्खी थप्पी कोसळली. वर आमच्या खिडकीची काच थरथरली. पाठोपाठ अनघाची हाक आली, "काकू, ठकी पळाली!" गल्ल्याखाली झोपलेल्या त्या जिवाच्या कानाशीच तो आवाज झाला होता. पट्टा तोडून ती गर्दीत कुठं घुसली कुणालाच दिसलं नाही.

मी जिन्यात पोचायच्या आत नाना माझ्यापुढं होते. अनवाणी, अंगात नुसती बंडी, हातात पेला आणि चमचा. गल्लीच्या मधोमध उभे राहून ते पेला वाजवायला लागले. पण भांडी बाजार तो. इकडं कुणी घागर ठोकून बघतंय, तिकडं तराजूत पितळ पडतंय, मागं तांबटांचे ठोके. त्यात एका पेल्याचा आवाज तो काय. नानांनी तोंड उघडलं. मान ताणून ते तिला हाक मारत होते आणि घशातून नुसती हवा येत होती. तसं तोंड मी दवाखान्यातही बघितलं नव्हतं.

अनघा दुकानाच्या पायरीवर चढली. "अहो, जरा हात थांबवा सगळे! काकांचं कुत्रं हरवलंय, काकांना आवाज नाही!" समोरचा दुकानदार थांबला. त्यानं पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं आळीच्या तोंडाशी. आणि एकेक हातोडी बंद पडत गेली. म्हाताऱ्या तांबटाची सर्वांत शेवटी, त्याला कमी ऐकू येत असावं. मग त्या गल्लीत जी शांतता झाली ती तिथल्या माणसांनीही कधी ऐकली नसेल. गिऱ्हाइकं होती तिथं उभी राहिली. आणि नाना चालत गेले, एकटा पेला वाजवत, सराफ बाजाराच्या बाजूनं. मागून मी, मागून अनघा.

दहीपुलाच्या वळणावर पेरूच्या हातगाडीखाली आधी एक कान दिसला. मग सगळी ठकी, चिखलानं माखलेली, थरथरणारी. नाना रस्त्यातच बसले आणि तिनं त्यांच्या त्या भाजलेल्या मानेत तोंड खुपसलं. दुखलं असणार. त्यांनी तिला दूर केलं नाही. परत येईपर्यंत मागं ठोके सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर नाना मफलर गुंडाळून दारापाशी उभे. "जायचं?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. का, ते मला कळलं चैत्रात, त्यांचा आवाज थोडा परत आल्यावर. "लोकांनी हातातलं काम थांबवलं, बाई," ते म्हणाले. "मग माझी मलाच लाज वाटली."

संक्रांत तिथंच झाली. आभाळ पतंगांनी भरलेलं आणि खाली अनघाच्या गच्चीवर चटईवर नाना उन्हात झोपलेले, पोटाशी ठकी. मी तिळाची वडी खात बसले होते. चव सांगायला त्यांना उठवलं नाही. मनात आलं, हीच ती सुट्टी. लोक याचसाठी दूर दूर जात असतील, की आपलं माणूस झोपलेलं निवांत बघता यावं. आणि असं मनात आल्याचीच मला भीती वाटली.

शेक संपले, आम्ही सटाण्याला आलो. चैत्रात आवाज आला, कैरीच्या दिवसांत थोडी चव आली. नाना दुकानात बसायला लागले. गाव म्हणायला लागलं, बाई, जिंकलात. पावसाळा अर्धा झाला आणि खोकला सुरू झाला. पुन्हा नाशिक, पुन्हा ते यंत्र, पुन्हा तो बाक. दोन्ही फुप्फुसांत पसरलं होतं. डॉक्टर माझ्याकडं बघून बोलत होते. आता शेक नकोत, घरीच ठेवा, आराम द्या, आवडेल ते करू द्या.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे या वेळी सुट्टी नाय?"

त्यांना सगळं कळलं होतं. कळूनसुद्धा त्यांनी ते विचारलं होतं. दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या उभ्या मी अनघाला फोन लावला. तिनं वहीची पानं उलटलेली मला ऐकू आली. मग म्हणाली, "शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे आहेत काकू. सोमवारपासून घर तुमचं. कितीही दिवस राहा."

घरी आल्याबरोबर नानांनी बॅग काढायला लावली. कॉटवर पडून ते सांगत होते आणि मी भरत होते. दोन सदरे, मफलर, माझ्या साड्या, ठकीचा नवा पट्टा. "स्वेटर?" मी विचारलं. "भादव्यात कशाला?" म्हणाले, मग म्हणाले, "असू दे. थंडीपर्यंत राहू."

रविवारी दुपारी ते गेले. मी उशीवरून त्यांची मान सारखी करत होते. खाली ठकी होती.

दिवस झाले, पाहुणे परतले. संदीपही गेला. घर रिकामं झालं तेव्हा बॅग तशीच कोपऱ्यात दिसली. ती उचलून मी पलंगावर ठेवली आणि चेन ओढली, तशी ठकी उठली. अंग झाडलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. शेपूट हलत होतं. बॅग म्हणजे जायचं, एवढं तिला ठाऊक. मी सदरे बाहेर काढले, मफलर काढला. ती हलली नाही. मी म्हटलं, "ठके, नाही जायचं." माझं मराठी तिला कळायचं, पण त्या दिवशी तिनं ते ऐकलं नाही. संध्याकाळ झाली तरी ती तिथंच, माझ्याकडं आणि दाराकडं बघत.

मग मी नवा पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि दाराला कुलूप लावलं. बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. बाकावर बसलो, ती माझ्या पायांशी. नाशिकची गाडी लागली. माणसं चढली, कंडक्टरनं माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, येताय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं घंटी मारली. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली. ठकी त्या दिशेला बघत बराच वेळ उभी होती. मग आपण होऊन वळली आणि घराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागून चालत राहिले.